किती लागेल ते मोजताना

भिवंडीतल्या नारपोलीत आमच्या घराखाली लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. घर वरच्या मजल्यावर, त्यामुळे फरशी सतत थोडी थरथरत असते आणि सवय झाली की ती थरथर थांबल्यावरच जाणवते. दिल्लीतल्या ऑफिसनं घरून काम करायला सांगितलं तेव्हा मी आईकडे परत आले. नंतर कुणी मला परत बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकलं आणि तिथे बसून जगातले लहान लहान देश मोजू लागले.

काय मोजते हे आईला सांगणं सोपं नव्हतं. ती भाजी निवडत होती आणि मी तिच्यापुढे बसून सांगत होते.

"एखादा देश अगदी छोटा असतो बघ, समुद्रात. माणसं थोडी, कमाई बरी. पाहुणे येतात, मासळी विकली जाते. कागदावर तो खाऊनपिऊन सुखी दिसतो. मग स्वस्तात कर्ज देणारे म्हणतात, तुम्हाला कशाला हवं? आणि एक वादळ आलं की बंदर, शाळा, रस्ता सगळं जातं. ते बांधायला महाग कर्ज काढायचं. ते फिटायच्या आत पुढचं वादळ येतं."

"मंग?"

"मग आम्ही नुसती कमाई बघायची नाही असं ठरवलंय. कुणाला किती चटकन लागू शकतं, आणि लागल्यावर तो किती लवकर उठून बसतो, ते मोजायचं. म्हणजे पैसे देणाऱ्यांना कळेल कुणाला आधी द्यायचे ते."

"लागल्यावर कलतंच की," आई म्हणाली. थोड्या वेळानं देठ बाजूला सारत तिनं विचारलं, "आनि न लागताच मोजायचं कसं?"

सरकारी मराठीत त्या मोजमापाला एक जड शब्द आहे. मी मात्र त्या दिवसापासून मनात 'लागणं' असंच म्हणू लागले.

हे मोजमाप तयार करणाऱ्या आमच्या देशोदेशीच्या गटात पॅसिफिकमधल्या एका बेटावरची एक बाई होती. तिथल्या अर्थखात्यात काम करायची. वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी, बोलायला सावकाश. माझी सकाळ म्हणजे तिची उतरती दुपार. पडद्यावर तिच्या मागच्या खिडकीत उजेड पिवळा होत जायचा, झाडं काळी होत जायची आणि इकडे माझा पहिला चहा व्हायचा. बोलता बोलता मला वाटे, आजचा दिवस ती आपल्याआधी जगून बसली आहे, आता मला सांगते आहे. कधी कधी आम्ही दोघी आपापले आकडे बघत गप्प असायचो आणि कॉल तसाच चालू राहायचा.

पहिल्यांदा आम्ही दोघीच बोललो तेव्हा ती मध्येच थांबली.

"तुझ्याकडे समुद्र आहे का जवळ?"

"खाडी आहे. पण हा आवाज मागांचा. खाली कापड विणतात."

मी माइक बंद करायला गेले. "राहू दे," ती म्हणाली, "मला बरं वाटतंय."

आई एकदा चहा घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. आईनं मला विचारलं, "हिच्याकडं भात व्हतो का?"

मी विचारलं. भात नाही, अळू होतं, ती म्हणाली. पाणथळ जागेत लावतात, खालचा कंद खातात, तेच रोजचं जेवण. पण हल्ली मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी आत येतं आणि कंद आतून काळे पडतात.

अळू म्हटल्यावर आईला फार दूरचं काही वाटलं नाही. "खारं पानी लागलं की पीक न्हाय होत मंग," ती म्हणाली. "आमचं बी तसंच झालं व्हतं. आमच्या गावात, वळला." मग तिनं बांधाचं सांगितलं. खाडीकाठी गावानं मातीचा बांध घातलेला, त्यात पाणी आतबाहेर सोडायला लाकडी दारं, त्यांना उघाडी म्हणायचे. एका वर्षी उधाणाला बांध फुटला. सकाळी शेतात मासे पोहत होते. पोरांना मजा वाटली, आई म्हणाली, मोठी माणसं बांधावर नुसती बसून होती.

मी भाषांतर करत होते. बेटावरची बाई पुढे वाकून ऐकत होती आणि तिच्या खिडकीतला उजेड गेला तरी दिवा लावायला उठली नाही. पुढे आई तिची रोज चौकशी करू लागली. नाव काही आईच्या जिभेवर बसलं नाही. ती तिला 'तुजी बेटवाली' म्हणायची.

काम पुढे सरकत होतं. देश बाजारपेठेपासून किती दूर, विकण्यासारख्या वस्तू किती प्रकारच्या, वादळं किती वेळा, पाऊस किती बेभरवशाचा, किती जमीन समुद्राच्या अगदी पातळीला. सगळ्याचे आकडे हवेत. मोठ्या देशांचे मिळतात. लहानांचे मिळत नाहीत, कारण मोजणारी माणसंच थोडी असतात. आमच्या तक्त्यात तिच्या देशाच्या ओळीत काही चौकोन रिकामे होते. गटानं ठरवलं, तिथे शेजारच्या देशांची सरासरी भरायची. तिनं बैठकीत शांतपणे सांगितलं, "आम्ही शेजाऱ्यांची सरासरी नाही. आमच्याकडे बंदर एकच आहे." सगळ्यांनी मान डोलावली. सरासरी भरली गेली. त्याशिवाय तक्ता पुराच होत नव्हता. मला तिचं पटत होतं आणि तक्ताही पुरा व्हायला हवा होता. दोन्ही गोष्टी मी त्या आठवड्यात उशाशी घेऊन झोपले.

मग वादळ आलं.

मी ते उपग्रहाच्या नकाशावर पाहिलं. एक पांढरा भोवरा निळ्यावरून हळूहळू सरकत होता. आवाज नाही, घाई नाही, दुधात चमचा फिरवल्यासारखा. दिसायला सुंदर होता तो. त्याच्याखाली तिचं बेट होतं आणि नंतर ते दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी भोवरा पुढे गेला, बेट पुन्हा दिसू लागलं, जसं होतं तसंच, हिरवा ठिपका. ती मात्र आली नाही. बैठकीत तिच्या जागी काळा चौकोन असायचा, मग तोही कुणीतरी काढून टाकला.

ते दिवस मला धुक्यातले वाटतात. मी आकडे बघायचे आणि आकड्यांमागून पाणी वाहतंय असं वाटायचं. आई दाराशी येऊन विचारायची, "आली का गो?" मी नाही म्हणून मान हलवायचे. ती परत जायची.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी फोन आला. नुसता आवाज, तोही तुटत तुटत.

"मी बरी आहे," ती म्हणाली. "घराचं छप्पर गेलं. ऑफिसमध्ये पाणी शिरलं, कागद वाळत घातलेत दोरीवर, मासळीसारखे." ती हसली. आई शेजारी येऊन उभी राहिली होती, तिला मी खुणेनं सांगितलं, तीच आहे. ती तिथेच जमिनीवर बसली.

"एक विचारायचं होतं," फोनवरची ती पुढे म्हणाली. "हे वादळ आपल्या तक्त्यात कधी येईल?"

मला उत्तर माहीत होतं. नुकसानीचे आकडे गोळा होऊन, तपासून, मान्य होऊन यायला काही वर्षं जातात.

"वेळ लागेल," मी म्हणाले.

"म्हणजे तोवर ते झालेलंच नाही," ती म्हणाली. रागानं नाही. जणू हवामान सांगत होती.

त्यावर मी गटाला एक टिपण पाठवलं, की नुकत्याच झालेल्या आपत्तीची वेगळी नोंद घ्यावी. चर्चा झाली, नुसती एक तळटीप मिळाली. पुढे मोजमाप मान्यही झालं. ते वापरायचं की नाही हे पैसे देणाऱ्यांवर सोडलं गेलं. काहींनी वापरलं, काही अजून विचार करतायत. तिच्या देशाला एका कर्जात एवढीच सवलत मिळाली, की वादळाच्या वर्षी हप्ता थांबवता येईल. किनाऱ्याचा रस्ता त्यांनी आत, उंचावर नेला. अळूची जमीन होती तिथेच राहिली.

गेल्या हिवाळ्यात ती मुंबईत एका बैठकीला आली आणि एक दुपार काढून भिवंडीला आली. जिन्यातून वर येताना तिनं भिंतीला तळहात लावून पाहिलं. खालच्या लूमवाल्या चाचांनी तिला माग दाखवला. त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलखात कपडा कुठनं येतो?" जहाजानं, ती म्हणाली. "आणि जहाज नाही आलं तर?" "मग नाही येत," ती म्हणाली. चाचांनी समजल्यासारखी मान हलवली.

जेवण झाल्यावर आईनं सांगितलं, हिला वळला घेऊन जाऊ. कंटेनरच्या रांगांमधून रिक्षा सरकत गेली. दोन्ही बाजूंना गोदामं, एकामागून एक, निळ्या पत्र्यांची. एका गोदामामागे पायवाट आहे, तिथून बांधावर चढता येतं. खाली तिवरांची झाडी, चिखल, ओहोटी.

आईनं एका निळ्या छपराकडे बोट दाखवलं. "थितं आमचं शेत व्हतं."

मी सांगितलं. बेटावरच्या बाईनं विचारलं, शेत विकावंसं वाटलं होतं का.

"बांध फुटल्यावर मीठ बसलं जमिनीत. पीक धड येईना. मंग गोदामवाले आले," आई म्हणाली. "पैसं आलं. लोक म्हनले, आता यांचं भलं झालं. कुनी इचारलं न्हाय, का गेलात म्हनून."

मी हे इंग्रजीत करायला लागले, पण मध्येच थांबून आईकडे वळले. आई हे मला कधी बोलली नव्हती. मग उरलेलं सांगितलं. पुरं ऐकल्यावर ती बाई म्हणाली, "तिला सांग, आम्हालाही असंच म्हणतात. तुमचं बरं आहे म्हणतात." मी सांगितलं. आईनं तिचा हात धरला.

मग त्या दोघी बांधावरून पुढे चालत गेल्या. मला बोलावलं नाही, मीही गेले नाही. मी गोदामाच्या सावलीत उभी राहून पाहत होते. आई खाली वाकून चिखलातली खेकड्यांची बिळं दाखवत होती. बेटवालीनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. दोघी काहीतरी बोलत होत्या, आई आपल्या भाषेत, ती आपल्या भाषेत. उन्हं तिवरांवर तिरकी झाली होती, चिखल रुपेरी दिसत होता आणि दूरवर, खाडीच्या तोंडाशी, पाणी परत आत यायला लागलं होतं.