क्लेमच्या गुडघ्यावरचा कोळी

हॉर्न्सबीतल्या आमच्या गल्लीत ग्वेन प्रॉसर म्हणजे कोळ्यांच्या बाई. शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त झाल्यापासून ती लोकांच्या बागांतले फनेल-वेब नावाचे जहाल विषारी कोळी पकडून ते गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन देते. तिथे त्यांचं विष काढतात आणि त्यातूनच चावलेल्यांसाठी औषध बनतं. तिच्या घरी गेलेल्या माणसाला चहाआधी धडा मिळतो. काळा, बुटाला पॉलिश केल्यासारखा चकचकीत, डिवचला की पुढचे पाय उगारतो, तो हाच. बाहेरचे बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. चावलाच, तर अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट बँडेज गुंडाळायचं, जागचं हलायचं नाही आणि अँब्युलन्स बोलवायची. आणि पोहण्याच्या टाकीत बुडालेला कोळी मेला असं समजायचं नाही. अंगाशी हवेचा बुडबुडा धरून तो तासन्‌तास तग धरतो.

हे सगळं गल्लीला तोंडपाठ आहे. नाही फक्त तिच्या नवऱ्याला, क्लेमला, कारण तो चव्वेचाळीस वर्षं तिचं ऐकतोय.

मार्चमधल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे लिंबं द्यायला गेलो, तर क्लेम हाफ पँटवर व्हरांड्यात बसलेला. समोर बशीत टाकीतून जाळीने काढलेला कोळी, पाय आखडून पडलेला. रात्रभर पाण्यात होता, पार मेलाय, बायकोला आज दाखवतोच, असं तो मला मोठ्या खुशीत सांगत होता. बोलता बोलता त्याने टोस्टकडे हात नेला, कोपर बशीला लागलं आणि कोळी त्याच्या उघड्या गुडघ्यावर पडला. तिथे त्याने एकेक पाय सरळ केला.

ग्वेन दारात आली होती.

"क्लेम, हलू नकोस," ती म्हणाली. "बोलूही नकोस."

मी शेजारच्या खुर्चीत होतो तिथेच गोठलो. क्लेमच्या टकलावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचीही सोय नव्हती. कोळी मांडीकडे निघाला. पुढे हाफ पँटची ऐसपैस मोहरी होती, आणि त्या क्षणी क्लेमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी सांगणार नाही. ग्वेनने दाराजवळची तिची कोळ्यांची काचेची बरणी उचलली, ती आडवी करून बरणीचं तोंड कोळ्यापुढे टेकवलं, मागून लांब पट्टी आणली. कोळ्याने पाय उगारले. ती थांबली. मग पट्टीने अलगद सरकवून त्याला आत घेतलं, बरणी उभी केली आणि झाकण फिरवलं. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येईना.

चावला नव्हता. गुडघा तिने चष्मा लावून दोनदा तपासला.

"आता बोलू का?" क्लेमने ओठ न हलवता विचारलं.

"केंद्रावर जाऊन येईपर्यंत नको," ग्वेन म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधू लागली.