कावळ्याला दिलेला शब्द

गारगोटीच्या बाजूच्या त्या गावात कुणी वारलं की रक्षाविसर्जनाला सरपंच सयाजीराव हजर असायचेच. पुढाऱ्याचं एक वेळ लग्न चुकलं तर चालतं, रक्षाविसर्जन चुकून चालत नाही. पण सयाजीची ख्याती त्याहून वेगळी होती. नैवेद्य ठेवला आणि कावळा शिवेना, माणसं ताटकळली, की कुणीतरी म्हणायचं, "सरपंच, बोला की कायतरी." मग सयाजी मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा घरच्यांना विचारायचा, हात जोडायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "काळजी करू नगासा, ते माझ्याकडं लागलं." कावळा झेपावायचा. सयाजीचा शब्द कावळ्यालाबी पटतोय, असं गाव म्हणायचं. कावळा बिचारा नंतर जाब विचारायला येत नाही, हे कुणी म्हणायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आकाराम नाना वारले. ग्रामसभेत ते जन्मभर एकच गोष्ट मागत आले होते, ओढ्यावरच्या साकवाला, त्या अरुंद पुलाला, कठडा. त्यांच्या रक्षेला कावळा अडला तेव्हा सयाजी म्हणाला, "नाना, दिवाळीच्या आत कठडा हुतोय." कावळा शिवला. दिवाळीपर्यंत गावाला कमान मात्र झाली. कमानीवर नाव घालता येतं, कठड्यावर घातलेलं कोण वाचणार?

तेव्हापासून नाना सयाजीला दिसायला लागले. या सोमवारी तो घरकुलांच्या फायली घेऊन पंचायत समितीच्या बाकावर टेकला, तर शेजारी नाना, टोपी गुडघ्यावर ठेवून. बोलत नव्हते, मागतही नव्हते. मागितलं असतं तर बरं झालं असतं. मागणाऱ्याला वाटेला कसं लावायचं ते सयाजीला पक्कं ठाऊक होतं. मंगळवारी नळपाण्याची मोटर जळली, निम्मं गाव घागरी घेऊन दारात आलं, आणि त्या गर्दीच्या मागं पुन्हा नाना. जेवताना त्यानं बायकोला, वर्षाराणीला, सगळं सांगितलं.

"कठडा बांधून टाका की एकदा," ती म्हणाली.

"बांधूया की. आधी मोटरीचं मिटू दे."

बुधवारी नानांची बायको आक्काताई डेअरीला दूध घालायला निघाली. धुकं दाट होतं. साकवावरून तिचा पाय घसरला आणि म्हातारी खालच्या दगडांवर पडून जागीच गेली.

शुक्रवारी तिची रक्षा होती. सयाजीला जायची छाती होत नव्हती, पण न जाऊन सांगणार काय? दही-भात, भाकरी, चहा मांडून झालं. जांभळीवर कावळे बसलेले होते. एकही खाली उतरेना. ऊन चढलं, माणसं चुळबुळली, आणि अखेर एकेक नजर त्याच्याकडं वळली.

"सरपंच, बोला की."

तो उठला. या वेळी त्याला खरोखर कठडा बांधायचा होता, अगदी स्वतःच्या खिशातनं, अगदी उद्या. त्यानं हात जोडले.

"दादा, तुमी बोलू नगासा." मुरगूडला दिलेली नानांची लेक पूर्णिमा मध्ये येऊन उभी राहिली.

"आगं, ह्या बारीला खरंच..."

"आसंल खरं. तुमी बोललासा की शिवतोय त्यो, मला ठाव हाय. नानांच्या बारीला शिवला, आन् आमी सगळी डोळं पुसून घरला गेलो. शिवला नसता तर तुमच्या दारात बसलो असतो. आई वाचली असती माझी."

सयाजीचे जोडलेले हात तसेच राहिले.

"न्हाय शिवला तर न्हाय," ती म्हणाली आणि राखेशेजारी मांडी घालून बसली. तिच्यामागं बायका बसल्या, मग गडी बसले. घरी जायला कुणी उठेना, आणि एवढ्या माणसांपुढं काय बोलावं ते सयाजीला जन्मात पहिल्यांदा सुचेना.