मफलरातले कान

अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्याच्या लघवीचा आमच्या डॉक्टरांइतका आदर करणारा माणूस दुसरा झाला नाही. अमरावतीला ते आमचे शेजारी. इंग्रजांचं राज्य अजून जायचं होतं आणि मुंबईत शिकून आलेला डॉक्टर म्हणजे लोकांच्या लेखी देवच. पण हा देव कुणाला पावत नसे. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, उत्तर ठरलेलं : "औषध गावच्या गेटाबाहेरचा डाक्टर देते. तू शिशी आनली काय?" मागच्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा होती. अत्तराच्या, गुलाबपाण्याच्या, लोणच्याच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, आणि लेबलावरची वस्तू एकीतही नाही. अंजनगावच्या एका लग्नात तर त्यांनी वरबापाला बाजूला घेऊन सांगितलं, "नवरदेव घोड्यावर बसाच्या आंधी थोडीशी द्या म्हना." वरबाप त्यांच्या अंगावर धावून गेला, आणि वरात तिथंच खोळंबली.

दुसरं खूळ मफलरचं. वैशाखात अमरावतीत कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हाही यांच्या कानांभोवती लोकरी मफलर घट्ट. स्वतःचे कान झाकायचे आणि दुसऱ्याचे मात्र अगदी जवळ येऊन न्याहाळायचे. बायका बिचाऱ्या आपल्या कुड्या चाचपायच्या. आमची आई म्हणायची, "मानूस शहाना आहे, पन डोकं उबवत ठेवते."

माझी बहीण अकोल्याला आत्याच्याच घरी दिलेली होती. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो म्हणा ना. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात आत्याचं घर. बहिणीला मुलगा झाला, पेढे वाटले गेले, आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. बाळाची दुपटी धुण्याच्या सोड्यात भिजवली की काळीकुट्ट व्हायची. आत्यानं ठरवून टाकलं, पोराला बाहेरचं लागलं आहे आणि ते सुनेच्या आईकडून आलं आहे. अमरावतीला निरोप आला : पोरगी आणि लेकरू कायमचं घेऊन जा, आम्ही मुलाला दुसरी बायको पाहून राहिलो.

आई रडत होती. तेवढ्यात कुंपणावरून मफलर डोकावला. "सोड्यानं काळं होते? वा!" आईनं चिमटा उचलला होता, खोटं नाही सांगत. पण ते थेट आत येऊन मला म्हणाले, "ऊठ. बदनेऱ्याले गाडी पकडू."

आत्यानं दारातच तोफ डागली. "पोरगी न्याले या म्हनलं होतं. शिशी घेऊन कावून आले?"

"लघवी भेटल्याबिगर उठत नाही, बाई," म्हणून ते ओसरीवर बसले. जेवायला नाही म्हणाले, पाणीसुद्धा घेईनात. आत्याचा स्वभाव मला ठाऊक. भांडायला आलेल्यालाही ती जेवू घालून मग भांडायची. दारात पाहुणा उपाशी बसलेला पाहून ती दिवसभर भांडी आदळत राहिली आणि दिवेलागणीला हरली. "दे वो त्याले त्याची शिशी!"

त्यांनी दोन बाटल्या पुढ्यात मांडल्या, दोन्हींत चिमूटचिमूट सोडा टाकला. थोड्या वेळानं दोन्ही काळ्या पडल्या.

"एक नातवाची. दुसरी कोनाची?" आत्या म्हणाली.

"माही." मग म्हणाले, "आपन दूध पेतो, वरन खातो. पोटात त्याचे बारीक मनी होतात, अमायनो ॲसिड म्हनतात त्याले. त्यातला एक मनी या पोराले पुरता पचत नाही, लघवीत उतरते अन् काळा पडते. कापलेलं वांगं काळं पडते, तं वांग्याले भूत लागते काय? म्हातारपनी सांधे धरतीन, येवढंच. अन् हे मायबाप दोघाईकून आल्याशिवाय होत नाही. पोरगा तुमचा, पोरगी तुमच्या भावाची. एकाच हिरीचं पानी हाये, बाई. तुमच्या माहेरचं."

"माह्या माहेराले नावं ठेवता?" आत्या कडाडली.

त्यांनी सावकाश मफलर सोडला. शाई चोळावी तसे दोन्ही कान निळे-काळे होते. "माहे दुपटे बी असेच काळे व्हाचे; तोच मनी उमर झाल्यावर कानात साचते. माह्या आजीनं मायले अन् मले घराबाहेर काढलं. मामाच्या घरी वाढलो मी. माय मरेपर्यंत बोलावन्याची वाट पाहत होती, बोलावनं काही आलं नाही. तवा मले सांगता येत नव्हतं. आता येते, म्हनून आलो."

आत्यानं कंदील जवळ नेऊन ते कान पाहिले. मग माझ्या बहिणीला म्हणाली, "ताट वाढ डाक्टरले. अन् उद्यापासून दुपटे सोड्यात नोको घालू."

परतीच्या गाडीत ते एकदम हळहळले. "आत्याबाईची शिशी राहिलीच की रे!"

म्हातारपणी त्यांची पाठ लाकडासारखी झाली. वाकून चप्पल घालता येईना, तरी माणूस शिश्या मागत हिंडायचा. आता ते नाहीत. भाचा आमचा पन्नाशीला टेकला आहे, त्याच्याही कानांवर निळसर झाक आली आहे. मागल्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली होती. बहीण मफलर घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होती आणि तो कान उघडे टाकून, शीळ घालत बाजाराला निघून गेला.