सोयाबीनच्या कडेचे दगड

गावातल्या सगळ्यांनी हे वाचा. वाचून राग आला तरी चालेल, मलाही आलाच आहे.

माझी वेदिका सातवीत आहे, सायकलनं डोणगावला शाळेत जाते. आज सकाळी तिच्या मागंच मी स्कूटीवर होते. अर्ध्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं होतं, आणि त्यावरून गाडी जाऊ नये म्हणून कडेनं मोठाले दगड मांडलेले होते. मागून ट्रकनं हॉर्न दिला. वेदिका बाजूला सरली, चाक दगडावर आदळलं आणि ती सोयाबीनवर पडली. दुसऱ्या बाजूला पडली असती तर ट्रकखालीच गेली असती.

सोयाबीनवाले काका धावत आले. त्यांनी आधी सायकल उचलली. दाणे फुटत होते ना!

मी म्हटलं, "काका, पोरगी पडली, दिसत नाही का तुमाले?"

"मंग सायकलनं काऊन पाठवतं तिले? आटोत बसवून देत जाय."

घरी आले तर नवऱ्याचंही तेच. "उद्यापासून तिची सायकल बंद."

म्हणजे रस्ता सोयाबीनचा, आणि सायकल सोडायची पोरीनं? नाही सोडणार! उद्या ती सायकलनंच जाईल, आणि ते दगड मी स्वतः उचलून फेकीन.

दाण्यांवरून चाक जाऊ नये म्हणून रस्त्यात दगड मांडायचं आपल्याला बरोबर सुचतं. पोरांवरून जाऊ नये म्हणून आपण काय मांडलंय, सांगा बरं?