करदोड्याखालची खपली

डॉ. कुमुदताईंच्या बुलढाण्यातल्या बालरुग्णालयात मी नोकरी मागायला गेले, तेव्हा माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवून त्यांनी माझ्या कोपरावरचा डाग कशाचा, असं विचारलं. तवा लागला होता, मी म्हणाले. मग लावलं काय, फोड आला का, ही चौकशी चहा गार होईपर्यंत चालली. नोकरी मिळाल्याचं मला दुसऱ्या दिवशी कंपाउंडरकाकांकडून कळलं.

आज ताई पंच्याहत्तरीत पदार्पण करत आहेत आणि त्यांचं हे कुतूहल तसूभरही कमी झालेलं नाही. ताप आणि पुरळ असलेलं मूल आलं की त्या त्याला आधी खिडकीच्या उजेडात नेतात. पुरळ कानामागून सुरू झालं की पोटावरून, मूल कुठे खेळतं, हे आईला विचारतात आणि ती सांगत असताना मध्ये बोलत नाहीत. बाहेरच्या रांगेची काळजी आम्ही करायची.

एकदा पावसाळा सरताना वडनेर भोलजीची एक लहानगी आई आणि आजीबरोबर आली. अंगावर पुरळ होतं, पण गोवर वाटेना, कांजिण्या नव्हत्या. ताप उतरत नव्हता, श्वास भराभर चालला होता, पोर डोळे उघडेना. मी घाबरले होते. त्यात आजी फ्रॉक काढू देईनात. घरी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधून आल्या होत्या.

"अंगावर माता हाय बाई, पोरीले उघडं नोका करू."

ताई रागावल्या नाहीत. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"आजी, माता तर आठवड्यात जाते म्हणतेत. थे आजून काऊन नाई गेली?"

आजी विचारात पडल्या. मग त्यांनी स्वतःच फ्रॉकची बटणं सोडली.

कमरेच्या काळ्या करदोड्याखाली एक छोटी काळी खपली होती. करदोडा काचला असेल, आई म्हणाली. ताईंनी खपलीच्या कडेला हलकेच दाबलं. मघाशी सुई टोचताना कळवळलेली पोर आता कण्हलीही नाही. काचलं असतं तर दुखायला हवं होतं. ती कुठे खेळते, ताईंनी विचारलं. गोठ्यामागच्या गवतात, आई म्हणाली. तो स्क्रब टायफस होता, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. वेळेवर ओळखला तर साध्या औषधानं बरा होतो, नाहीतर जीव घेतो. औषध लगेच सुरू झालं. पोरीनं डोळे उघडून बिस्कीट मागितलं, तेव्हा मी बाजूला जाऊन रडले.

पुढे आजी घाट चढून पुन्हा आल्या, हातात दहीभाताचा डबा घेऊन. मातेची बोळवण करून त्यांनी नैवेद्य दाखवला होता.

"मातेले ठेवला, तसा तुमालेबी आणला."

ताईंनी डबा उघडला, पहिला घास घेतला आणि विचारलं, "पण आजी, दहीच काऊन?"

पुढचा अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या. ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. त्यांनी असंच विचारत राहावं. वडनेरची ती पोर आता अकरावीत आहे.