सुमिएचा शेवटचा पेपर

आज तोक्योतल्या राजघराण्यात सुमिएचं लग्न लागलं. सकाळी बुद्धापुढे दिवा लावताना तिचं नाव घेतलं आणि ही वही उघडली.

सुमिए शेजारच्या कुरोसाकींची. त्यांचा सोया सॉसचा कारखाना. लहानपणी पिंपांवर बसून धडे मोठ्याने वाचायची, कामगारांनाही ते पाठ झाले होते. पुढे आमच्याच गावच्या महिला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र घेतलं, आणि शेवटच्या वर्षात लग्न ठरलं.

जानेवारीत तिला दरबारी शिकवणीसाठी न्यायला मोटार आली. घर सोडणाऱ्या नवरीचा भाताचा वाडगा उंबऱ्यावर फोडायचा, म्हणजे ती परत येत नाही. हे लग्नाच्या दिवशी करायचं. सुमिएच्या तोमेनो आत्यांनी मोटार पाहिली आणि त्याच दिवशी फोडला.

तिकडे शिकायचं ते पूर्वजांची नावं, कविता, कुंचल्याने लिहिणं, लाकडी जोडे घालून चालणं. फेब्रुवारीत महाविद्यालयाचा शेवटचा पेपर आला तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता पदवी कशाला?"

सुमिए म्हणाली, "बाईसाहेब, तिथलं अर्धवट सोडलं, तर इथलं पुरं करीन याचा काय भरवसा?"

बाई हसल्या आणि दोन दिवसांची सुटी दिली.

संध्याकाळच्या गाडीने पोरगी आली, तर आत्या दारात आडव्या.

"वाडगा फुटलाय. आता या घरात तुला घास नाही."

"आत्या, अजून लग्न कुठे झालंय?"

"म्हणून तर मोडू शकतं."

आत्यांचे भाऊ, म्हणजे सुमिएचे वडील, बोलायला गेले, तर त्यांनाही गप्प बसवलं. कुंपणावरून मीच हाक मारली, "सुमिए, माझ्याकडचा वाडगा शाबूत आहे. ये."

भात, मिसोचं सार आणि मुळ्याचं लोणचं वाढलं. ती एका हाताने खात होती, दुसऱ्या हाताने पुस्तकाची पानं उलटत होती. इतक्यात कुंपणावरून भाजलेल्या माशाची ताटली आली.

"शेजाऱ्यांना पाठवतेय," आत्या म्हणाल्या. "कोण खातं ते मी बघत नाही."

"खारट झालाय, आत्या," सुमिए आतूनच म्हणाली.

"उपऱ्यांनी नावं ठेवू नयेत."

दुसऱ्या दिवशी तीन तास पेपर देऊन ती परस्पर स्टेशनवर गेली. मार्चमध्ये निकाल लागला, वर्गात दुसरी आली. लग्नाच्या कागदांवर शिक्षणाच्या रकान्यात दरबारच्या कारकुनाने आधीच 'अपूर्ण' लिहून ठेवलं होतं. तिने तो कागद परत पाठवून नवा मागवला, आणि सही केली ती नव्यावरच.