स्कॅनरला गंध लावणारा धर्मादादा

ज्या फोटोखाली आज कंपनीच्या ग्रुपवर सगळे हात जोडतायत, तो फोटो धर्मादादाची चेष्टा करायला काढला होता.

आता क्रॉप केलाय. पण डाव्या कोपऱ्यात झेंडूचं फूल आणि काळी वायर राहिलीय. नीट बघा.

धर्मादादा आमच्या रोह्याच्या कंपनीत स्टोअरला होता. ग्रुपवर कुणीतरी 'हेल्पर' लिहिलंय.

चूक. स्टोअर असिस्टंट. गेलेल्या माणसाचं पद तरी बरोबर लिहा.

स्टोअरमध्ये बारकोड स्कॅनर नवीन आला तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक मशीनची पूजा होते, वजनकाट्यापासून फोर्कलिफ्टपर्यंत. धर्मादादाने स्कॅनरलाही गंध लावलं. ओल्या कुंकवाचं, भर काचेवर.

ऑफिसातली मंडळी बघत होती. काच खराब होणार हे त्यांना कळत होतं.

कुणी त्याला अडवलं नाही. मोबाईल काढले.

दादाला वाटलं, पूजेचा फोटो. त्याने कॉलर सरळ केली आणि हसला.

मग स्कॅनर काही वाचेना. गाड्या गेटवर अडकल्या. साहेब सगळ्यांसमोर ओरडले. संध्याकाळपर्यंत फोटोचा व्हॉट्सॲप स्टिकर झाला, आणि हुकूम निघाला: धर्माने कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

त्याला एकच गोष्ट हवी होती. स्वतःच्या नावाचं लॉगिन. कंपनीच्या गाडीत माझ्या शेजारी बसून विचारायचा:

"सगल्यांची नावं येतात स्क्रीनवर. माजा का नाय?"

मी कुठल्याही क्लासला न जाता कॉम्प्युटर शिकलोय. म्हटलं, मी शिकवतो. तेव्हापासून मी त्याचा 'मास्तर'.

पहिली शिफ्ट सुटली की तो पुढे जित्याला, त्याच्या गावी, न जाता माझ्याबरोबर पेणला उतरायचा. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावाचं खातं उघडून दिलं. पासवर्ड त्याने ठेवला. मलासुद्धा सांगितला नाही.

"कुनाला सांगाचा नाय, तूच बोललास ना? मंग?"

बायकोला फोन करायचा. "गो, जेवाला थांबू नको. मी क्लासला हाय."

'क्लासला' जरा मोठ्याने.

मिठागरात वाढलेला माणूस. बोटं जाड, एकदम दोन कीज दाबल्या जायच्या. "ह्याला फावडा लावू काय?" म्हणायचा. पण आवक-जावक एंट्री, एक्सेलमधली बेरीज, मेलला फाईल जोडणं, सगळं आलं त्याला. मी कुणाला उगाच पास करत नाही.

तो पास होता.

मग इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांकडे गेला. लॉगिन मागितलं.

"काका, तुम्ही पूजा करा. एंट्री आम्ही करतो."

केबिनमधले सगळे हसले.

त्यानंतर तो पेणला उतरला नाही. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसायचा.

"दादा, चल की."

"कशाला? घरचा लॉगिन कंपनीत चालतो काय?"

काल ड्युटीवरून घरी गेला, जेवायला बसला आणि तिथेच गेला. हार्ट अटॅक.

आज सकाळी ग्रुपवर तोच फोटो. टाकणाराही तोच, ज्याने काढला होता. खाली साहेबांचा मेसेज: 'आमच्या कुटुंबातला सदस्य हरपला.'

साहेब, सदस्याला एक लॉगिन देता आलं नाही?

आत्ता घरी कॉम्प्युटर चालू केलाय. स्क्रीनवर दोन नावं आहेत. एक माझं, एक त्याचं.

पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. मी ते खातं उघडणार नाही.

आणि काढणारही नाही.

ये आता दादा. तुझं नाव येतंय स्क्रीनवर.

तुझ्या मास्तरचा शेवटचा नमस्कार.